अनोळखी नोट आणि खोटी नोट

बाजारात आपण भाजी घेतो तेव्हा ती उलटून-पालटून पाहतो, कापड घेतो तेव्हा त्याचा पोत बोटांनी चाचपतो, मडके घेतो तेव्हा ते वाजवून पाहतो. परंतु या सर्वांच्या बदल्यात जी वस्तू आपण देतो किंवा घेतो, त्या नोटेकडे आपण फारसे पाहतच नाही. शंभराची नोट म्हणजे अमुक रंग, अमुक आकार आणि गांधीजींचे चित्र, एवढी खूण मनात पक्की असते व तेवढ्यावर लाखो व्यवहार सुरळीत पार पडतात. अडचण येते ती एखादे दिवशी या खुणेत न बसणारी नोट हातात पडली म्हणजे. अशा वेळी “ही नोट मी ओळखत नाही” असे कोणी म्हणत नाही; “ही नोट खोटी आहे” असेच म्हटले जाते. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

उदाहरणासाठी आपण आपल्या गावापासून थोडे दूर जाऊ. सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गावर, सचिन आणि उधना या स्थानकांच्या मधे भेस्तान नावाचे स्थानक आहे. आजूबाजूला पांडेसरा, सचिन, उधना अशा औद्योगिक वसाहती. त्यांत कापड विणणारे माग आणि कापड रंगवणारे, छापणारे कारखाने. या साऱ्या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी माणसे फार मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या शेजारी ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार आणि मूळचे गुजराती. चार प्रांतांची माणसे एका गल्लीत राहतात म्हणजे चार प्रांतांतून आलेला पैसाही एकाच गल्ल्यात पडतो. आपल्या महाविद्यालयाच्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी-शेजारी नांदतात. भेस्तानसारख्या ठिकाणी अशा चार-पाच भाषा एका पानटपरीवर नांदत असतात. अनोळखी नोटेचा प्रश्न समजून घेण्यास याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

समजा, नंदुरबारकडचा एक कामगार दिवाळीनंतर गावाहून परत येतो. त्याच्या खिशात दहा रुपयांची काही नाणी आहेत, बहिणीने ओवाळणीच्या ताटातून दिलेली एक रुपयाची कोरी नोट आहे, आणि शंभराची एक जुनी मोठी नोट आहे. रिक्षावाला दहाचे नाणे घेत नाही, म्हणतो, “यह इधर नहीं चलता.” किराणा दुकानदार एक रुपयाची नोट उलटसुलट करून पाहतो आणि परत देतो, कारण तिच्यावर गव्हर्नरची सही नाही. शंभराची नोट मुलाच्या मते खोटी आहे, कारण त्याने जन्मापासून जांभळटच शंभर पाहिलेले आहेत. वस्तुतः तिन्ही खरी आहेत. तिन्हींबाबत शंका घेणारा माणूस लबाडही नाही आणि मूर्खही नाही. मग चूक कोठे झाली?

प्रथम एक रुपयाच्या नोटेचे पाहू. भारतात एक रुपयाची नोट प्रथम १९१७ साली निघाली. पहिले महायुद्ध चालू होते, चांदीची टंचाई होती, म्हणून रुपयाच्या नाण्याऐवजी कागद काढावा लागला. पुढे मधे खंड पडत ही नोट चालू राहिली. १९९४ साली तिची छपाई थांबली आणि २०१५ साली पुन्हा सुरू झाली. बाकी सर्व नोटा रिझर्व्ह बँक काढते. ही एकटी नोट भारत सरकार काढते. म्हणून तिच्यावर “भारत सरकार” असे शब्द असतात, अर्थखात्याच्या सचिवाची सही असते, आणि “मैं धारक को...” हे वचन नसते. तिच्यावर गांधीजींचे मोठे चित्र नाही. एक रुपयाच्या नाण्याचे चित्र आहे, आणि मागील बाजूस समुद्रातील ‘सागर सम्राट’ हा तेलविहिरी खोदणारा तराफा आहे. गमतीची गोष्ट अशी की २०११ च्या नाणे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ही नोट ‘नाणे’ या सदरात मोडते! कागदाचे नाणे हे ऐकून नवल वाटेल, पण कायदा तसा आहे. म्हणजे ज्या दुकानदाराने “यावर गव्हर्नरची सही नाही” असे म्हटले त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. निष्कर्ष तेवढा चुकला. लग्नाच्या आहेरात एकशे एक, पाचशे एक यांतला वरचा एक रुपया कोरा असावा म्हणून घरोघरी या नोटा जपून ठेवतात. परिणामी त्या बाजारात फिरत नाहीत, आणि फिरत नाहीत म्हणून ओळखीच्या होत नाहीत.

दहा रुपयांच्या नाण्याची कथा याहून अधिक बोधप्रद आहे. दोन धातूंचे हे नाणे २००५ पासून पाडले गेले व २००९ पासून चलनात आले. तेव्हापासून त्याची निरनिराळी रूपे निघत गेली. कधी रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीनिमित्त, कधी होमी भाभांच्या जन्मशताब्दीनिमित्त, कधी डॉ. आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त. जुलै २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह नाण्यांवर आले. त्याआधीच्या नाण्यांवर ते अर्थातच नव्हते. काही नाण्यांवर दहा किरण, तर काहींवर पंधरा. एवढी रूपे दिसू लागल्यावर लोकांनी आपापसात ठरवून टाकले की दहा किरणांचे खरे आणि पंधरा किरणांचे खोटे. कोणी म्हणाले चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे. २०१६ साली दिल्लीकडे खोटी नाणी पाडणारा कारखाना पोलिसांनी पकडल्याची बातमी आली आणि या समजुतीला बळ मिळाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. येथे तर तोंड न पोळलेले लोकही फुंकू लागले. तामिळनाडू, आंध्र, तेलंगण, कर्नाटक, उत्तर प्रदेश अशा अनेक राज्यांतील गावांतून हे नाणे नाकारले गेले. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये निवेदन काढून सांगितले की तोपर्यंत निघालेली दहा रुपयांची चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. तरीही पुष्कळ ठिकाणी नकार चालूच राहिला.

सरकारी निवेदन निघूनही नकार का टिकतो, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अज्ञानात नाही. दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, “नाणे खरे आहे हे मला ठाऊक आहे हो, पण पुढे कोणी घेत नाही.” हेच वाक्य रिक्षावाल्याचे, हेच दूधवाल्याचे आणि हेच ठोक व्यापाऱ्याचे. प्रत्येकाला नाणे खरे वाटते, पण दुसऱ्याला ते खोटे वाटेल अशी प्रत्येकाला धास्ती असते. पैशाचा स्वभावच असा आहे. भाकरी मी खाण्यासाठी घेतो. नोट मी पुढे देण्यासाठी घेतो. त्यामुळे नोटेविषयी माझे मत काय, याला बाजारात फारशी किंमत नसते. माझ्या पुढच्या माणसाचे मत काय असेल याविषयी माझा अंदाज काय, याला किंमत असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पैशाच्या व्याख्येत ‘सर्वमान्यता’ हा शब्द पाठ केलेला असतो. ती सर्वमान्यता किती नाजूक दोरीवर लोंबकळत असते, हे दहाच्या नाण्याने दाखवून दिले. एका गावात जे नाणे बिनतक्रार चालते ते पुढच्या स्टेशनावर उतरताच चालेनासे होते. धातू तोच, टांकसाळ तीच. बदलते फक्त समजूत.

सुरतेला हा प्रकार नवा नाही. मोगलांच्या काळी सुरतेत टांकसाळ होती. परदेशी व्यापारी जहाजांतून चांदी आणीत आणि तिचे रुपये पाडून घेत. त्या काळी रुपयावर पाडल्याचे साल असे, आणि जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापून घेत. मराठी मुलखातही अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत. कोणता किती भावाने घ्यायचा हे सराफ ठरवी. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरवला, तेव्हा कोठे हा गोंधळ ओसरू लागला. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार त्या बाजाराची आठवण करून देतो. सराफाचा बट्टा निदान चांदीच्या झिजेला धरून असे. आज अनोळखी नाण्यावर जो अदृश्य बट्टा बसतो त्याला झिजेचेही कारण नसते.

साहेबांच्या देशातही हेच चालते. अमेरिकेत दोन डॉलरची नोट अधिकृत आहे. १९७६ साली ती नव्या रूपात पुन्हा काढण्यात आली. परंतु लोक ती शकुनाची म्हणून कपाटात ठेवतात, त्यामुळे ती बाजारात क्वचित दिसते. टेक्सास राज्यात एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीने दुपारच्या जेवणासाठी दोन डॉलरची नोट दिली, तर ती खोटी समजून शाळेने पोलिसांपर्यंत प्रकरण नेले. बँकेत तपास झाल्यावर ती १९५३ सालची खरी नोट निघाली. ही घटना २०१६ साली प्रसिद्ध झाली. स्कॉटलंडच्या बँका स्वतःच्या नोटा काढतात. लंडनच्या दुकानांत त्या नाकारल्या गेल्याच्या तक्रारी कित्येक वर्षे होत आहेत. म्हणजे शिक्षणाचा किंवा सुधारणेचा येथे प्रश्न नाही. दृष्टीला पडलेल्या सवयीचा आहे.

आता आपल्या नोटा पाहू. २०१६ पासून नोटांचे आकार आणि रंग बदलत गेले. पाचशेवर लाल किल्ला आला, दोनशेवर सांची, शंभरावर पाटणची ‘रानी की वाव’, पन्नासावर हंपीचा रथ, विसावर वेरूळचे लेणे आणि दहावर कोणार्कचे सूर्यचक्र. गुजरात, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही प्रांतांची स्मारके अशी एकाच पाकिटात येऊन बसली आहेत. २०१८ साली आलेली शंभराची नोट जुन्या नोटेपेक्षा लहान आहे: जुनी १५७ मिलिमीटर लांब, नवी १४२. दोन्ही वैध आहेत. दोन रुपयांच्या नोटेची छपाई बंद झाली, पण पूर्वी निघालेल्या नोटा कायदेशीर चलन म्हणून कायम आहेत. दोन हजारांची नोट मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वितरणातून काढून घेण्याचे जाहीर केले. तरी ‘काढून घेणे’ आणि ‘रद्द करणे’ यांत फरक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन हजाराची रद्द झाली नाही. हा फरक न कळल्यामुळेही घबराट होते.

नोटेच्या क्रमांकात मधेच तारा दिसला म्हणजे ती खोटी, ही आणखी एक समजूत. २०२३ साली तर ती एवढी पसरली की रिझर्व्ह बँकेला जुलै महिन्यात खुलासा करावा लागला. खरी गोष्ट साधी आहे. शंभर नोटांच्या पुडक्यातील एखादी नोट छपाईत बिघडली तर तिच्या जागी दुसरी घालावी लागते. पूर्वी त्याच क्रमांकाची नोट पुन्हा छापावी लागे. २००६ पासून दहा, वीस व पन्नासच्या नोटांत, आणि २०१६ पासून पाचशेच्या नोटांत, अशा बदली नोटेच्या क्रमांकात तारा घालण्याची पद्धत सुरू झाली. तारा हा खोटेपणाचा डाग नसून छापखान्याने आपल्या हिशेबासाठी केलेली खूण आहे. नाण्यांवरही अशा खुणा असतात. सालाच्या खाली चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. नोटाही एकाच ठिकाणी छापल्या जात नाहीत: नाशिकरोडला १९२८ पासून, आणि पुढे देवास, म्हैसूर व साल्बोनी येथे.

इतके सांगितल्यावर कोणी विचारील, “मग खोट्या नोटा नाहीतच काय?” आहेत, आणि त्यांपासून सावध राहायलाच हवे. पण येथे थोडा विचार करू. खोटी नोट छापणाऱ्याचा हेतू काय असतो? ती कोणाच्या लक्षात न येता चालावी, हा. म्हणून तो नेहमी सर्वांच्या ओळखीची, रोज हातात येणारी, आणि कागद-शाईचा खर्च भरून निघेल एवढ्या किमतीची नोट निवडतो. बँकांत पकडल्या जाणाऱ्या खोट्या नोटांत पाचशे, दोनशे, शंभर यांचाच भरणा असतो तो यामुळेच. एक रुपयाची नोट खोटी छापून कोणाचे पोट भरणार? जिच्याकडे दुकानदार दहा वेळा निरखून पाहील अशी विचित्र नोट मुद्दाम कोण बनवील? म्हणून असे म्हणता येईल की खोटी नोट बहुधा ओळखीचा चेहरा घेऊन येते. दुकानदार ताऱ्याच्या विसाकडे डोळे बारीक करून पाहत असतो, तेव्हाच गर्दीत खोटी पाचशेची नोट निमूटपणे गल्ल्यात जाऊन बसते. चुकीच्या शंकेचे हे दुहेरी नुकसान आहे: खरी नोट हाकलली जाते आणि खोटीला आत वाट मिळते.

मग पारख कशी करावी? रंगाच्या आठवणीवर नव्हे, तर खुणांवर. शंभर व त्यावरील नोट बोटाने चाचपली तर गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ व कडेच्या तिरप्या रेषा थोड्या उठावदार लागतात. नोट तिरपी केली की सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्यावरून निळा होतो. उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा व नोटेची किंमत दिसते, आणि धागा सलग एक रेषा होऊन दिसतो. नव्या मालिकेत क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. मागच्या बाजूला पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. त्यांत मराठी आहे, कन्नड आहे, गुजरातीही आहे. लहान नोटांना मात्र हेच नियम लावू नयेत. २०१६ अखेरीपासून वीस व पन्नासच्या नोटा उठावाच्या छपाईशिवाय निघू लागल्या, तेव्हा “खरखरीत लागत नाही, म्हणून खोटी” हे अनुमान तेथे लागू पडत नाही. एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन-चार खुणा जुळतात का ते पाहावे.

शंका फिटलीच नाही तर बँकेत जावे. बँकेत नोट खोटी ठरली तर ती परत मिळत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत; तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेतात व पोच देतात. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेर पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते. पाच किंवा अधिक निघाल्या तर गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांकडे जाते. नजरचुकीने एक खोटी नोट आली म्हणून कोणी आपोआप गुन्हेगार ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खोट्या चलनाचे गुन्हे कलम १७८ पासून पुढे दिले आहेत. नोट खोटी आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, ती खरी म्हणून चालवणे हा गुन्हा आहे. म्हणून “कोणीतरी मला दिली, मी दुसऱ्याला खपवतो” हा मार्ग मात्र धोक्याचा आहे.

शेवटी पुन्हा त्या भेस्तानच्या कामगाराकडे पाहू. त्याच्याकडे दहाची चाळीस नाणी असली तर ते चारशे रुपये होतात. कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. म्हणजे त्याची बाजू पूर्ण बरोबर आहे. पण नाणी बदलून घ्यायची तर बँकेच्या वेळात जायचे, म्हणजे पाळी बुडवायची, म्हणजे रोज बुडायचा. बँकेनेही नाकारले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पण ती लिहायला कोणीतरी हवे. सुशिक्षित माणसाची नोट नाकारली तर तो दुकानदाराशी वाद घालतो किंवा दुसरी नोट काढतो. ज्याच्या खिशात दुसरी नोट नसते आणि ज्याला समोरच्याची भाषा नीट येत नाही, त्याच्याकडे मात्र लोक नोटेबरोबर त्यालाही खोटे समजून पाहतात. नोटेवरची शंका बघता बघता माणसावर येते. हा बट्टा सर्वांत जड आहे आणि तो कोणत्याही बँकेत बदलून मिळत नाही.

विद्यार्थ्यांनी या बाबतीत करण्यासारखी गोष्ट फार लहान आहे. कोणी खरे नाणे नाकारीत असेल तर आपण ते मुकाट्याने घ्यावे आणि पुढच्या दुकानात बिनदिक्कत द्यावे. समजूत एकेका नकाराने तयार होते, तशीच ती एकेका स्वीकाराने मोडते. आणि अनोळखी नोट हातात आली तर “खोटी” म्हणण्यापूर्वी तिच्या पाठीवरच्या त्या पंधरा ओळी एकदा वाचून पाहाव्यात. त्यांतील बहुतेक लिप्या आपल्याला वाचता येत नाहीत. पण त्या खोट्या आहेत असे आपण कधी म्हणत नाही.